‘अपलोड पेंडिंग’ जाता जात नाही तेव्हा

फोनवर "अहो, सेव्ह तर केलंय, पण..." एवढं ऐकलं की पुढचं वाक्य आता मीच पूर्ण करतो. वर्ड किंवा एक्सेलची फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कपाटात, ठेवलेली असते. बदल इथे दिसतो, तिथे दिसत नाही. तालुक्याच्या गावात छोट्या कचेऱ्यांचे संगणक सांभाळणं हा माझा धंदा: पतसंस्था, कर सल्लागार, दोन-तीन शाळा. मार्चअखेर आणि ऑडिट यांच्यामधल्या दिवसांत हा आजार हमखास डोकं वर काढतो. इलाज बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो. नुकसान होतं ते घाईत चुकीचं बटण दाबल्यामुळे.

खालचं सगळं विंडोजवरच्या ऑफिससाठी आहे. बटणांची आणि फोल्डरांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील.

लक्षणं

- वरच्या पट्टीत, फाइलच्या नावाशेजारी ‘सेव्हिंग’ किंवा ‘अपलोड पेंडिंग’ असं दिसतं आणि अर्ध्या तासानेही ते तसंच असतं.
- मजकुराच्या वर ‘अपलोड फेल्ड’ अशी पट्टी येते. शेजारी ‘सेव्ह अ कॉपी’ आणि ‘डिस्कार्ड चेंजेस’ अशी बटणं.
- फाइल उघडताना ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ असं येतं आणि कुलूप कोणी लावलंय म्हणून पाहावं, तर नाव तुमचंच!
- एका फाइलच्या दोन फाइली होतात आणि एकीच्या नावाला शेपटासारखं संगणकाचं नाव चिकटलेलं असतं.
- तुमच्या पडद्यावर आजचे आकडे, साहेबांच्या मोबाइलवर परवाचे.
- घड्याळाशेजारच्या वनड्राइव्हच्या ढगावर गोल बाण फिरतच राहतात, किंवा लाल वर्तुळात पांढरी फुली येते.

ऑफिस 2010 पासून पुढच्या काही आवृत्त्यांत यासाठी ‘अपलोड सेंटर’ नावाची वेगळी खिडकी होती. अडकलेल्या फाइलींची यादी तिथे मिळायची. नंतर ती काढून टाकली आणि ‘फाइल्स नीडिंग अटेन्शन’ अशी यादी फाइल मेनूतल्या ‘ओपन’खाली आली. जुन्या पोस्टींमध्ये अपलोड सेंटर उघडायला सांगतात आणि लोक ते शोधत बसतात. नव्या ऑफिसमध्ये ते सापडणार नाही.

‘सेव्ह’ नक्की कुठे होतं

प्रत्येक कचेरीत आवक-जावक असतं. पत्र टाइप झालं, साहेबांची सही झाली, जावक क्रमांकही पडला, तरी शिपाई ते पोस्टात नेईपर्यंत पत्र टेबलावरच्या ट्रेमध्येच असतं. आपल्या लेखी ते ‘गेलेलं’ असतं. समोरच्याला मात्र मिळालेलं नसतं.

वनड्राइव्हवरची फाइल ऑफिसमधून उघडली की ऑफिस तिची एक प्रत संगणकावर आपल्या खणात ठेवतं. या खणाचं नाव ‘ऑफिस डॉक्युमेंट कॅशे’. तुम्ही कंट्रोल-एस दाबता किंवा ‘ऑटोसेव्ह’ आपोआप चालतं, तेव्हा बदल आधी या खणात पडतात आणि तिथून सर्व्हरकडे, म्हणजे वनड्राइव्हच्या पलीकडच्या संगणकाकडे, निघतात. नेट रखडलं, लॉगिनची मुदत संपली, जागा भरली, की ते ट्रेमध्येच अडकतात.

म्हणजे या खणात दोन प्रकारचा माल असतो. एक, फाइली झटकन उघडाव्यात म्हणून ठेवलेल्या प्रती, ज्या गेल्या तरी सर्व्हरवर पुन्हा मिळतात. दुसरा, अजून न गेलेलं काम, जे जगात दुसरीकडे कुठेही नसतं. ‘कॅशे म्हणजे कचरा, उडवून टाका’ हा सल्ला ऐकण्याआधी हा फरक डोक्यात पक्का करा.

हे मी स्वतः हात पोळून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका शाळेत निकालाची एक्सेल फाइल ‘अपलोड फेल्ड’ दाखवत होती. मी इंटरनेटवर वाचलेलं होतं, कॅशेचा फोल्डर उघडला, सगळं निवडलं, शिफ्ट-डिलीट केलं. एक्सेल पुन्हा उघडलं, पट्टी गेली, हिरवी खूण आली. मी खूश. वर्गशिक्षिका बाईंनी फाइल खाली सरकवली आणि शांतपणे विचारलं, "सर, सकाळपासून भरलेले ब तुकडीचे गुण कुठे गेले?" चोवीस नंबरच्या मुलापासून पुढचे सगळे रकाने रिकामे होते. मूळ उत्तरपत्रिका कपाटात होत्या म्हणून निभावलं, पण त्या संध्याकाळी बाईंनी गुण वाचून दाखवले आणि टाइप मी केले.

हात लावण्याआधी: प्रत काढा

फाइल उघडी असेल तर बंद करू नका. ‘डिस्कार्ड चेंजेस’ दाबू नका. त्याचा अर्थ ‘माझं न गेलेलं काम फेकून दे’ असाच आहे. फाइल मेनूत जाऊन ‘सेव्ह अ कॉपी’ करा. ऑटोसेव्ह चालू असलेल्या फाइलीला ‘सेव्ह ॲज’ऐवजी हेच दिसतं.

प्रत डेस्कटॉपवर ठेवू नका. बऱ्याच संगणकांवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरच वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये जोडलेले असतात. म्हणजे एका अडकलेल्या रांगेतून उचलून तुम्ही फाइल त्याच रांगेत पुन्हा उभी कराल. डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. मग ती प्रत उघडून शेवटची ओळ, शेवटचा आकडा तिथे आहे ना हे डोळ्यांनी बघा. एवढं झालं की पुढे काही बिघडलं तरी काम शाबूत आहे.

तपासणी 1: सर्व्हरवर काय पोचलंय ते बघा

ब्राउझरमध्ये वनड्राइव्हची वेबसाइट उघडा, त्याच खात्याने आत जा आणि तीच फाइल तिथे उघडा. खर्च शून्य, वेळ एक मिनिट. आजचे बदल तिथे दिसले तर अपलोड नीटच झालंय आणि गडबड समोरच्याच्या मोबाइलमध्ये किंवा त्याने उघडलेल्या दुसऱ्याच प्रतीत आहे. मग तुमच्या संगणकाला हात लावायचं कारणच उरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात, कारण फाइल व्हॉट्सॲपवर पाठवलेली असते आणि साहेब तीच परवाची प्रत रोज उघडत असतात.

बदल दिसले नाहीत तर अडथळा तुमच्या संगणकापासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत आहे. फाइल पुन्हा उघडा आणि पाच-दहा मिनिटं तशीच उघडी ठेवा. पाचला काम संपलं, सेव्ह केलं, लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि बस पकडली, असं असेल तर बदलांना निघायला वेळच मिळालेला नसतो. बहुतेक वेळा फाइल पुन्हा उघडली की ते चालू लागतात.

तपासणी 2: कोणी थांबवलंय का

घड्याळाशेजारच्या ढगावर क्लिक करा. ‘पॉज्ड’ लिहिलेलं असेल तर सिंक, म्हणजे तुमच्या संगणकावरच्या आणि वनड्राइव्हवरच्या फाइलींची जुळवणी, थांबवलेलं आहे. माणसाने थांबवलं तर ते 2, 8 किंवा 24 तासांसाठी थांबतं. पण वनड्राइव्ह आपणहूनही थांबतं: लॅपटॉप बॅटरी सेव्हरवर असेल तेव्हा, आणि नेट ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरायचं, असेल तेव्हा. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की विंडोज त्याला अनेकदा मीटर्ड धरतं. दिवे गेले, वायफाय गेलं, साहेबांनी हॉटस्पॉट दिला, नेट तर चालतंय, पण फाइली जाईनात: आमच्याकडे हे महिन्यातून दोनदा तरी होतं. त्याच खिडकीतून सिंक पुन्हा सुरू करता येतं.

नेट तपासताना यूट्यूब लावून बघू नका. व्हिडिओ चालतो तो डाउनलोडवर, फाइल जाते ती अपलोडवर, आणि पुष्कळ कनेक्शनांत अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कितीतरी कमी असतो. ई-मेलला चार-पाच एमबीचं काहीतरी जोडून स्वतःलाच पाठवा, लगेच कळेल.

तपासणी 3: फाइलचा प्रकार आणि कुलूप

वरच्या पट्टीत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ लिहिलंय का? म्हणजे फाइल जुन्या साच्यातली आहे: डॉक किंवा एक्सएलएस. अशा फाइलींना ऑटोसेव्ह चालत नाही आणि दोघांनी एकाच वेळी त्यात काम करणंही होत नाही. आपल्याकडे या फाइलींना मरण नाही. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टांत बनवलेला नमुना अजून दरवर्षी तारीख बदलून वापरला जातो. फाइल ‘इन्फो’मधून ‘कन्व्हर्ट’ करून नव्या साच्यात आणा. जुना फॉन्ट संगणकावर असेल तर मजकूर आहे तसाच दिसतो. तरीही मूळ फाइल बाजूला जपून ठेवा.

आता तुमच्याच नावाचं कुलूप. वर्ड किंवा एक्सेल फाइल उघडताना त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली छोटी फाइल बनवतं, जिच्या नावाची सुरुवात ~$ अशी असते. फाइल कोणी उघडली आहे याची ती पाटी. नीट बंद केलं की पाटी आपोआप जाते. दिवे गेले, संगणक धाडकन बंद पडला, की मागे राहते. ऑफिसचे सगळे प्रोग्रॅम बंद करा, फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइली दाखवा आणि तुमच्या फाइलच्या नावाची ती पाटी काढून टाका. आधी शेजारच्या टेबलाला विचारा, फाइल तिथे खरोखर उघडी असेल तर पाटी खरी आहे. ऑनलाइन उघडलेल्या फाइलीचं कुलूप सर्व्हरवर असतं. ते साधारण दहा मिनिटांत सुटतं, चहा घेऊन या.

तपासणी 4: जागा

जागा दोन ठिकाणी लागते.

वनड्राइव्हच्या फुकट खात्यात 5 जीबी मिळतात. ती भरली की नवं काही वर जात नाही. एका कचेरीत रोज सकाळी जागा रिकामी करायचो, संध्याकाळी पुन्हा भरलेली. तीन दिवस मी एक्सेलच्या मागे लागलो होतो. शेवटी वेबसाइटवर फोल्डर उघडून पाहिले तर ‘कॅमेरा रोल’मध्ये गणपतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ! कचेरीच्या खात्याने कोणीतरी आपल्या मोबाइलवर लॉगिन केलं होतं आणि फोटोंचा आपोआप बॅकअप चालू राहिला होता. कोणाचा मोबाइल ते मी विचारलं नाही. पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं.

दुसरी जागा तुमच्या सी ड्राइव्हवरची. खणात प्रत ठेवायलाच जागा नसेल तर पुढचं सगळं अडतं. 128 जीबीच्या एसएसडीवर विंडोज, ऑफिस आणि दोन वर्षांचे डाउनलोड्स, असं असेल तर दहा-पंधरा जीबी तरी मोकळी करा. डाउनलोड्स आणि रिसायकल बिन यांतच ती निघते.

तपासणी 5: नाव

वनड्राइव्हला फाइलच्या नावात " * : < > ? / \ | ही चिन्हं चालत नाहीत. विंडोजलाही ती चालत नाहीत, त्यामुळे ती सहसा मोबाइल किंवा मॅकवरून आलेली असतात. नजरेतून सुटते ती नावाच्या आधी पडलेली मोकळी जागा. विंडोज ती चालवून घेतं, वनड्राइव्ह घेत नाही.

मग लांबी. वनड्राइव्हवर फोल्डरांसकट पूर्ण पत्ता 400 चिन्हांपर्यंत चालतो. एक्सेल त्याहून कडक आहे, ते 218 चिन्हांवर फाइल उघडायलाच नकार देतं. इथे मराठी नावांची एक गंमत आहे. ‘कर्मचाऱ्यांची’ हा शब्द आपल्या डोळ्यांना पाच अक्षरांचा. संगणक मात्र काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त असं प्रत्येक वेगळं मोजतो आणि त्याचा हिशेब येतो 13. ‘मार्चअखेर थकबाकीदार कर्मचाऱ्यांची सुधारित अंतिम यादी (नवीन) फायनल 2’ असं नाव, ते तशाच नावाच्या चार फोल्डरांच्या पोटात, मग मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. मराठी नावं सोडू नका. फोल्डरांची उतरंड कमी करा आणि ‘फायनल 2’ थांबवा.

तपासणी 6: तारीख, वेळ आणि खातं

संगणकाच्या घड्याळाकडे आपण पाहत नाही, सर्व्हर पाहतो. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीच होत नाही आणि लॉगिन नाकारलं जातं. एका कर सल्लागारांच्या कचेरीत दर सोमवारी ‘साइन इन रिक्वायर्ड’ यायचं. पासवर्ड बदलून झाला, नेटवाल्याला बोलावून झालं. सोमवारी सकाळी मी स्वतः जाऊन बसलो. संगणक सुरू झाला आणि कोपऱ्यात वर्ष आलं 2009. रविवारी मुख्य स्विच बंद व्हायचा आणि मदरबोर्डवरचा गोल सेल मेलेला होता. सीआर 2032, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल बदलला, सोमवार सुटला.

घड्याळ बरोबर असेल तर वर्ड किंवा एक्सेलमध्ये फाइल मेनूतलं ‘अकाउंट’ उघडा. तिथे कोणतं खातं आहे? वनड्राइव्ह एका खात्याने आणि ऑफिस दुसऱ्याच खात्याने चालू असणं ही नेहमीची भानगड. एक घरचं, एक कचेरीचं, कधी दोन्ही एकाच ई-मेलवर काढलेली. फाइल ज्याच्या मालकीची, त्या खात्याने दोन्हीकडे लॉगिन हवं. साइन आउट करा, संगणक रीस्टार्ट करा, पुन्हा साइन इन करा. तरीही जुना पासवर्डच मध्ये येत राहिला तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘मायक्रोसॉफ्टऑफिस16’ने सुरू होणाऱ्या नोंदी काढून पुन्हा लॉगिन करा. साइन आउट करताना न गेलेल्या बदलांबद्दल इशारा आला तर घाबरायचं कारण नाही, कारण प्रत पेन ड्राइव्हवर आहे. ती नसेल तर इथेच थांबा आणि आधी काढा.

तपासणी 7: दोघे एकाच पोत्याला धरून

वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये एक खूण असते: ऑफिसच्या फाइली ऑफिसच्याच प्रोग्रॅमांनी सिंक कराव्यात, अशा अर्थाची. जुन्या आवृत्तीत ती ‘ऑफिस’ नावाच्या टॅबवर होती, नंतर ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘फाइल कोलॅबरेशन’खाली गेली. ती चालू असताना उघडलेली फाइल ऑफिस स्वतः पाठवतं आणि दोघे एकाच वेळी लिहीत असतील तर दोघांचे बदल एकत्र गुंफतं. ती बंद केली की ऑफिस बाजूला होतं आणि वनड्राइव्ह अख्खी फाइल उचलून पाठवतं. मग दोघांनी एकाच वेळी लिहिलं की गुंफण होत नाही, दोन प्रती होतात. लक्षणांमध्ये शेपटाला संगणकाचं नाव आलेली फाइल सांगितली, ती अशाच वेळी जन्माला येते.

‘खूण काढा, प्रश्न मिटेल’ असा सल्ला सर्रास मिळतो. मिटतो, पण एक प्रश्न मिटवून दुसरा घेतो. माझं मत असं: फाइल एकच माणूस, एकाच संगणकावर वापरत असेल तर बेलाशक काढा. लेखनिक आणि व्यवस्थापक दोघेही तीच वसुलीची यादी भरत असतील तर काढू नका. आणि काढणार असाल तर खणात काही अडकलेलं नाही ना, हे आधी बघा.

दोन प्रती झाल्याच असतील तर घाईत एक उडवू नका. दोन्ही उघडून समोरासमोर ठेवा. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘कंपेअर’ आहे, ते फरक दाखवतं. एक्सेलमध्ये डोळे आणि फूटपट्टी.

तपासणी 8: आता कॅशे

फोनवर शब्द जपून वापरा. एका पतसंस्थेत मी घाईत "आधी कॅश साफ करा" म्हणालो होतो. पलीकडे काही क्षण कोणी बोललंच नाही.

आधी सरळ मार्ग. फाइल मेनू, ‘ऑप्शन्स’, त्यात ‘सेव्ह’, आणि तळाशी कॅशेची सेटिंग्ज. प्रती किती दिवस ठेवायच्या हा आकडा मुळात 14 असतो. दहा-वीस फाइलींच्या कचेरीला तो कमी केला तरी चालतो. फाइल बंद केली की तिची प्रत काढून टाका, अशीही एक खूण तिथे आहे. नेट भरवशाचं असेल तर लावा. नेट रडतखडत चालत असेल तर लावू नका, प्रत्येक फाइल दरवेळी नव्याने खाली उतरवावी लागेल. त्याखालचं ‘डिलीट कॅश्ड फाइल्स’ हे बटण सुरक्षित आहे, कारण ते फक्त भराभर उघडण्यासाठी ठेवलेल्या प्रती काढतं. अपलोडच्या रांगेत असलेलं आणि अपलोडमध्ये चुकलेलं ते शिवत नाही.

त्यामुळेच कधीकधी बटण दाबूनही काही फरक पडत नाही. अडकलेली नोंदच खराब असेल तर हे बटण तिला हात लावणार नाही. मग हाताने काम करावं लागतं, आणि ते असं:

पेन ड्राइव्हवरची प्रत पुन्हा एकदा उघडून बघा. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुक, वननोट सगळं बंद करा. ढगाच्या मेनूतून वनड्राइव्हही बंद करा. सी ड्राइव्ह, मग ‘युजर्स’, तुमच्या नावाचा फोल्डर, ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘ऑफिस’, ‘16.0’ असे आत जा. ‘ॲपडेटा’ लपलेला असतो, त्यासाठी मघाचीच व्ह्यूमधली खूण. 2016, 2019, 2021 आणि मायक्रोसॉफ्ट 365 या सगळ्यांचा क्रमांक 16.0 आहे. ऑफिस 2013 चा 15.0, 2010 चा 14.0, आणि त्याआधीच्या 2007 चा 12. मधला 13 त्यांनी गाळलाच.

आत ‘ऑफिसफाइलकॅशे’ नावाचा फोल्डर दिसेल. तो डिलीट करू नका, त्याचं नाव बदला. शेवटी ‘जुना’ जोडा, पुरे. फोल्डर वापरात आहे असं म्हणत असेल तर संगणक रीस्टार्ट करा आणि ऑफिसचं काहीही उघडण्याआधी नाव बदला. मग वर्ड उघडा. जुना खण सापडला नाही की ऑफिस नवा कोरा बनवतं. ब्राउझरमध्ये दिसत होती ती फाइल उघडा, पेन ड्राइव्हवरच्या प्रतीतले बदल तिच्यात आणा, सेव्ह करा, आणि पुन्हा ब्राउझरमध्ये जाऊन पोचले का बघा.

जुन्या फोल्डरमध्ये डोकावलात तर लांबलचक आकडी नावांच्या, एफएसडी प्रकारच्या फाइली दिसतील. त्यांचं नाव बदलून डॉकएक्स केलं तरी त्या वर्डमध्ये उघडत नाहीत. मीही करून पाहिलंय, शाळेच्या प्रकारानंतर, एका रविवारी. तो फोल्डर दोन-तीन आठवडे ठेवा. कोणी काही हरवल्याची ओरड केली नाही तर मग काढा.

तपासणी 9: वनड्राइव्ह रीसेट, मग ऑफिसची दुरुस्ती

ऑफिस ठीक आणि फक्त ढगावरचे बाणच फिरत असतील, अगदी पीडीएफसुद्धा वर जात नसतील, तर दोष वनड्राइव्हच्या नोंदवहीत आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘रन’ची चौकट उघडा आणि वनड्राइव्हच्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता देऊन शेवटी जागा सोडून /रीसेट द्या, अर्थात इंग्रजीत. ढग नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने परत येतो. नाही आला तर स्टार्ट मेनूतून वनड्राइव्ह सुरू करा. यात फाइली जात नाहीत, वनड्राइव्ह सगळ्यांची नव्याने मोजदाद करतं. फाइली हजारोंनी असतील तर त्याला दिवसही लागू शकतो, म्हणून हे शनिवारी संध्याकाळी करा. कोणते फोल्डर संगणकावर हवेत ही तुमची निवड मात्र पुसली जाते, ती पुन्हा करा.

शेवटचा उपाय कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसची दुरुस्ती. आधी ‘क्विक रिपेअर’, त्याला नेट लागत नाही आणि थोडक्यात आटोपतं. त्याने भागलं नाही तरच ‘ऑनलाइन रिपेअर’. ते जवळपास अख्खं ऑफिस नव्याने उतरवून बसवतं. मोबाइलच्या डेटावर याच्या नादी लागू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

संगणक कंपनीने दिलेला असेल आणि सेटिंग्जमध्ये ‘तुमची संस्था हे नियंत्रित करते’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर तपासणी 6 नंतर पुढे जाऊ नका. तिथे नियम ॲडमिन, म्हणजे संस्थेचे संगणक सांभाळणारा माणूस, ठरवतो. तुम्ही बदललेलं सेटिंग परत फिरतं आणि उगाच नोंद होते. शेअरपॉइंटवरची (संस्थेच्या सामायिक ऑनलाइन साठ्यातली) फाइल कोणीतरी ‘चेक आउट’ केलेली, म्हणजे आपल्या नावावर अडवून ठेवलेली, असेल तर तीही त्या माणसाकडून किंवा ॲडमिनकडूनच सुटेल.

एकाच फोल्डरची फाइल सगळ्यांच्याच संगणकावर अडकत असेल तर दोष तुमच्या संगणकात नाही. तुमचा कॅशे कितीही साफ केलात तरी उपयोग नाही, ज्याच्याकडे त्या फोल्डरची चावी आहे त्याला सांगा.

फाइलींची नावं आपोआप बदलताहेत, शेवटी अनोळखी शेपट्या लागताहेत, कुठेतरी पैसे मागणारी चिठ्ठी पडली आहे: नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, मग फोन करा. इथे सिंक चालू राहणं हाच धोका आहे, कारण बिघडलेल्या फाइली वर जाऊन चांगल्यांच्या जागी बसतात. वनड्राइव्हमध्ये फाइलच्या मागच्या आवृत्त्या मिळतात, आणि मायक्रोसॉफ्ट 365 च्या वर्गणीदारांना अख्खं वनड्राइव्ह मागच्या 30 दिवसांतल्या एखाद्या वेळेवर परत नेता येतं. ते काम दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून आणि जाणत्या माणसाच्या हाताने व्हावं.

डिस्कमधून खरखर येते, फाइल उघडायला मिनिटं लागतात, विंडोज डिस्क तपासायला सांगतंय: संगणक बंद करा आणि बंदच ठेवा. रीसेट, रिपेअर यांनी मरणाऱ्या डिस्कवर आणखी भार पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘सेव्ह अ कॉपी’च होत नाही, प्रत निघतच नाही, म्हणजे न गेलेलं काम फक्त त्या खणात आहे, अशी वेळ आली तर वरचं काहीही करू नका. फाइल उघडी असेल तर कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. तेही होत नसेल तर पडद्याचे मोबाइलवर फोटो काढा, पानं सरकवत, शेवटपर्यंत. चुकीच्या संदेशाचा आणि त्यातल्या कोडचा फोटो वेगळा काढा. येणाऱ्याला तुमच्या वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. काय काय करून पाहिलंत तेही लपवू नका, आम्ही रागावत नाही. लॅपटॉपला चार्जर लावा, झाकण मिटू नका, आणि तो येईपर्यंत त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसू देऊ नका.